महारेरा एजंट परीक्षा: करारनामा तारखेतारखेने कसा वाचायचा

नागपुरातल्या बेलतरोडीकडच्या एका प्लॉटचा प्रसंग आहे. ग्राहक निवृत्त शिक्षक, मी त्यांना काका म्हणायचो. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर इसारपत्र झालं, दोन लाखांचा बयाणा दिला गेला. उठता उठता काकांनी विचारलं, "भाऊ, आता प्लॉट आपला झाला नं?" मी म्हणालो, "झालाच समजा, काका." दीड महिन्याने विकणाऱ्याने तोच प्लॉट दुसऱ्याच्या नावाने रजिस्ट्री करून दिला. काकांना पैसे परत मिळाले, पण त्यासाठी वर्षभर खेटे घालावे लागले.

पुढे परीक्षेच्या तयारीत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५४ वाचलं आणि त्या दिवशी मी काय चुकीचं बोललो ते कळलं. ते कलम सांगतं की विक्रीच्या करारामुळे त्या मालमत्तेत कोणताही हक्क किंवा बोजा आपोआप निर्माण होत नाही. बयाणा दिल्याच्या दिवशी काकांना मिळाला होता तो फक्त विकणाऱ्याकडून करार पुरा करून घेण्याचा हक्क. प्लॉट अजून विकणाऱ्याचाच होता.

जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, एजंटांना प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचं केलं. आधी २० तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत ऑनलाइन परीक्षा. नागपुरातून या परीक्षेला बसणारे बरेच जण वर्षानुवर्षं प्लॉटचं काम करणारे आहेत. व्यवहार त्यांना पाठ असतो, पण करारावरचा प्रश्न आला की ते अडखळतात, कारण ते कलमांचे आकडे घोकत बसतात. माझा अनुभव असा की करारावरचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीपाशी येतात: या दिवशी कोणाचा कोणता हक्क बदलला? तो दिवस धरून वाचलं की कलम आपोआप लक्षात राहतं.

आधी एक खरा करारनामा हातात घ्या

नोट्सपासून सुरुवात करू नका. महारेराच्या संकेतस्थळावर आपल्या ओळखीचा एखादा नोंदणीकृत प्रकल्प उघडा, बेसा, मनीषनगर, जामठा, कुठलाही. प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तिथे वाटपपत्र, विक्री करारनामा आणि अभिहस्तांतरण दस्त (शेवटी मालकी नावावर करून देणारा) यांचे नमुने टाकलेले असतात, कारण नोंदणीच्या अर्जासोबत ते द्यावेच लागतात. करारनाम्याची प्रिंट काढा. एका रंगाने प्रत्येक तारीख आणि मुदत अधोरेखित करा, दुसऱ्या रंगाने प्रत्येक टक्केवारी आणि रक्कम. तीस-चाळीस पानांचा दस्त असला तरी रंग लागतो तो फार तर पंचवीस-तीस ठिकाणी. परीक्षेपुरता करार त्या पंचवीस-तीस जागांमध्ये आहे.

शब्दांच्या जोड्या

आपल्याकडे विक्रीपत्र म्हणतात, पुण्याकडे खरेदीखत, दस्त एकच. आममुख्त्यारपत्र आणि कुलमुखत्यारपत्र हेही तसंच. प्रश्नपत्रिकेत दुसरा शब्द दिसला म्हणून गडबडू नका.

काही जोड्या मात्र खरोखर वेगळ्या आहेत. चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया, आणि चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय, भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण. घाईत वाचणारा इथे हमखास फसतो. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यातली कार्पेटची व्याख्या शब्दशः पाठ करा: घराच्या आतलं निव्वळ वापरण्याजोगं क्षेत्र. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि स्वतंत्र खुली गच्ची त्यात धरायची नाही. आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरायच्या. हा शेवटचा भाग पर्यायांमध्ये उलटा करून देतात.

दुसरी जोडी शून्य आणि शून्यकरणीय करारांची. पहिला मुळातच मेलेला. दुसरा जिवंत आहे, पण फसवला गेलेला पक्ष तो रद्द करवून घेऊ शकतो.

भारतीय करार अधिनियम, १८७२: थोडक्यात

इथे फार वेळ घालवू नका. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल (मोबदला), सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर हेतू. कलम १० मध्ये वैध कराराचा सांगाडा येतो, कलम ११ मध्ये सक्षम कोण ते. अल्पवयीनाशी केलेला करार शून्य, हे १९०३ पासून पक्कं आहे. प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, मोहोरी बीबीचा निकाल. अल्पवयीनाने वय लपवून सही केली तरी तो करार उभा राहत नाही.

संमती जबरदस्तीने, गैरवाजवी दबावाने, कपटाने किंवा चुकीच्या निवेदनाने घेतली असेल तर करार शून्यकरणीय. दोन्ही पक्षांची एखाद्या मूलभूत गोष्टीबद्दल सारखीच चूक झाली असेल तर शून्य. समजा दोघांनाही प्लॉट खसरा (जमिनीच्या नोंदीचा) क्रमांक ४५ मध्ये आहे असं वाटत होतं आणि तो तिथे नाहीच. ही दोघांची चूक. विकणाऱ्याला ठाऊक होतं आणि त्याने दडवलं, तर ते कपट. एकाच घटनेत माणसाच्या मनात काय होतं त्यावरून उत्तर बदलतं, म्हणून प्रश्नात "माहीत असूनही" हे शब्द आहेत का ते आधी शोधा.

नुकसानभरपाईची दोन कलमं बघून ठेवा. ७३ मध्ये प्रत्यक्ष झालेल्या नुकसानाची भरपाई आहे. ७४ मध्ये रक्कम करारातच लिहून ठेवलेली असते, आणि तरीही न्यायालय वाजवी तेवढीच देतं. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा.

बयाण्यापासून विक्रीपत्रापर्यंतची शिडी

तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा. एका कागदावर चार पायऱ्या काढा आणि प्रत्येकीसमोर लिहा, त्या दिवशी काय बदललं.

पहिली पायरी बयाणा. पैसे हलले, मालकी नाही, ताबाही बहुधा नाही.

दुसरी पायरी साठेखत, म्हणजे विक्रीचा करारनामा. दोघांवर बंधन आलं. विकणारा फिरला तर घेणारा विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ खाली करार पुरा करून मागू शकतो. त्यासाठी मुदत अधिनियमात तीन वर्षं दिली आहेत: करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळलं त्या दिवसापासून. मालकी मात्र अजूनही तिथेच.

तिसरी पायरी ताबा. इथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५३-अ येतं. लेखी कराराखाली ताबा घेतला, आपल्या वाट्याचं पुरं केलं किंवा करायला तयार आहे, तर विकणारा ताबा परत हिसकावू शकत नाही. घेणाऱ्याच्या हातातली ही ढाल आहे. हिच्या जोरावर तो मालकी मागू शकत नाही. २००१ च्या दुरुस्तीपासून ही ढालही करार नोंदणीकृत असेल तरच मिळते. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून, ताबा घेऊन, कंपाउंड बांधून बसलेली कितीतरी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांना कोणीतरी हे सांगायला हवं, आणि ते सांगणारा माणूस एजंटच असू शकतो.

चौथी पायरी नोंदणीकृत विक्रीपत्र. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मालकी या दिवशी हलते. एक बारीक गोष्ट: नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ४७ प्रमाणे नोंदलेला दस्त लागू होतो तो सही झाल्याच्या तारखेपासून, नोंदणीच्या तारखेपासून नाही. सही ३ तारखेला आणि रजिस्ट्री २० तारखेला झाली तर उत्तर ३ तारीख.

आममुख्त्यारपत्र आणि साठेखत मिळून "विक्री झाली" असा एक समज आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अशा कागदांनी मालकी जात नाही. शिवाय मुख्त्यारपत्र देणारा मरण पावला की साधारणपणे ते अधिकारही संपतात. अपवाद, मुख्त्याराचं स्वतःचं हित त्या मालमत्तेत गुंतलेलं असेल तर. हा अपवाद करार अधिनियमाच्या कलम २०२ मध्ये आहे.

रेराचा करारनामा: टक्के, दिवस आणि महिने

आता ती रंगवलेली प्रिंट समोर घ्या. उदाहरणाला ६० लाखांचा फ्लॅट धरू, कार्पेट ८०० चौरस फूट.

बुकिंग. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. म्हणजे ६ लाख. फ्लॅटविक्रीच्या जुन्या मोफा कायद्यात, १९६३ च्या, हीच मर्यादा २० टक्के होती, आणि पर्यायांत दोन्ही आकडे असतात. प्रश्न कोणत्या कायद्याखाली विचारलाय ते बघूनच खूण करा.

हप्ते. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात पैसे बांधकामाच्या टप्प्यांना बांधलेले आहेत. एकूण रकमेत करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पुरं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब पडल्यावर ७०. मग भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी फिटिंग, जिने, लिफ्टची विहीर झाल्यावर ८०, बाहेरचं प्लास्टर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट-पंप-विजेची कामं झाल्यावर ९५. उरलेले ताबा देताना. हे आकडे चढत जाणारी बेरीज आहेत, दर टप्प्याला वेगळे टक्के नाहीत. जोत्यानंतर आपल्या ग्राहकाचे एकूण २७ लाख गेलेले असतील; त्या टप्प्याला २७ लाख द्यायचे नसतात.

क्षेत्रफळातला फरक. नमुन्यात ३ टक्क्यांची मर्यादा आहे. बऱ्याच जणांचा समज असा की ३ टक्क्यांपर्यंत कमी भरलं तर बिल्डर काही देणं लागत नाही. हे चूक आहे. भोगवटा प्रमाणपत्रानंतर (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) प्रत्यक्ष कार्पेट मोजून किंमत पुन्हा मांडायची असते. ८०० ऐवजी ७८४ भरलं तर घट २ टक्के, मर्यादेत. तरीही १६ चौरस फुटांचे, फुटाला ७,५०० प्रमाणे, १ लाख २० हजार रुपये ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे. मी हे गणित बिल्डरच्या ऑफिसात बसून ग्राहकासमोर केलं आहे. समोरच्या मॅनेजरनेही करारातलं ते कलम पहिल्यांदाच नीट वाचलं.

उशीर. ठरल्या तारखेला ताबा दिला नाही तर कलम १८ खाली घेणाऱ्यापुढे दोन वाटा. बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासह, वर नुकसानभरपाई. थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाचा पायाभूत दर) २ टक्के. घेणाऱ्याने हप्ता थकवला तरी दर हाच; कायद्याने दोघांना एकाच मापाने मोजलं आहे. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशा आपत्तींमुळे प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत वाढवून मिळू शकते. मजूर मिळाले नाहीत किंवा सिमेंट महागलं, हे त्या यादीत नाही.

करार रद्द करणं. प्रवर्तकाला वाटेल तेव्हा वाटप रद्द करता येत नाही, कराराच्या अटींप्रमाणेच करता येतं. नमुन्यानुसार घेणाऱ्याने तीनदा हप्ता चुकवला आणि प्रवर्तकाने १५ दिवसांची लेखी नोटीस दिली, त्या मुदतीतही पैसे आले नाहीत, तरच.

नकाशात बदल. इमारतीच्या मंजूर आराखड्यात किंवा सामायिक जागेत बदल करायचा तर दोन-तृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती हवी. संपूर्ण प्रकल्प दुसऱ्या प्रवर्तकाला द्यायचा तर दोन-तृतीयांश आणि महारेराची मंजुरी, दोन्ही.

दोष दायित्व, म्हणजे बांधकामातल्या दोषांची बिल्डरवरची जबाबदारी. ताब्याच्या तारखेपासून ५ वर्षं, तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती. भोगवटा प्रमाणपत्राची तारीख इथे मोजत नाहीत. उलट घेणाऱ्याने ताबा घ्यायची मुदत, दोन महिने, ती मात्र भोगवटा प्रमाणपत्रापासून. या दोन घड्याळांची सुरुवात वेगळ्या दिवशी होते, म्हणून दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवा.

डिसेंबर २०२२ पासून महारेराने करारनाम्यातली आपत्ती, दोष दायित्व, कार्पेट आणि अभिहस्तांतरण ही कलमं बदलता न येणारी ठरवली आहेत. नवीन प्रकल्पाच्या करारनाम्यात ती मोडतोड केलेली दिसली तर ग्राहकाला सांगा, गप्प बसू नका.

मुद्रांक आणि नोंदणी

महाराष्ट्रातली खास गोष्ट अशी: साठेखतात ताबा दिला असेल किंवा द्यायचं कबूल केलं असेल, तर त्यावर विक्रीपत्राइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतल्या अनुच्छेद २५ चं हे स्पष्टीकरण. पुढे विक्रीपत्र होतं तेव्हा आधी भरलेलं शुल्क वजा होतं. म्हणून फ्लॅटच्या करारालाच पूर्ण शुल्क का भरायचं, असं ग्राहकाने विचारलं तर हे उत्तर.

दस्त सहीच्या आधी, सही करताना किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी मुद्रांकित हवा. नोंदणीसाठी सहीपासून चार महिने. अपरिहार्य कारणाने उशीर झाला तर आणखी चार महिने, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून. नोंदणी अधिनियमाचा मूळ नियम असा की स्थावर मालमत्तेचा दस्त जिथे ती मालमत्ता आहे तिथल्या दुय्यम निबंधकाकडे. हिंगण्याचा प्लॉट कुठेही बसून नोंदवता येईल असं धरून चालू नका.

भाडेकराराचा एक सापळा आहे. नोंदणी अधिनियम एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची करतो, म्हणून ११ महिन्यांचा करार आला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे इथे ११ महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

आपल्या गावचे कागद

परीक्षेत यातलं थोडंच येईल, पण काम करायचं तर टाळता येणार नाही. मालमत्तेच्या वर्णनात मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका (तलाठ्याचं क्षेत्र), शहरात असेल तर आखीव पत्रिका (शहरी जमिनीचा उतारा). हे सातबाऱ्याशी किंवा आखीव पत्रिकेशी आकड्याने आकडा जुळवा. जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्याची असेल तर विकणाऱ्याच्या हातात पट्ट्याचा हक्क आहे, पूर्ण मालकी नाही. मूळ पट्टा मागवून त्यातल्या परवानगीच्या अटी वाचा. जाहिरातीत "आरएल" लिहिलेलं असतं ते नियमितीकरणाचं पत्र. ते असलं म्हणजे मालकी निर्विवाद, असा अर्थ होत नाही.

आपल्याकडे बऱ्याच इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली असतात. तिथे आधी डिक्लरेशन डीड, मग प्रत्येकाचं अपार्टमेंट डीड आणि जमिनीत अविभक्त हिस्सा. सोसायटीत जमीन सोसायटीच्या नावे होते. अभिहस्तांतरणाचा प्रश्न सोडवताना इमारत यातल्या कोणत्या वाटेने गेली ते आधी ठरवा.

एजंटचं स्वतःचं बंधन

रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीशिवाय रेरा प्रकल्पातली विक्री जुळवता येत नाही. कलम १० प्रमाणे नोंदणी नसलेल्या प्रकल्पाला हात लावता येत नाही, हिशेब ठेवावे लागतात, खोटी आश्वासनं देता येत नाहीत, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सगळी कागदपत्रं मिळतील हे बघावं लागतं. मोडलं तर कलम ६२: रोज १० हजार रुपये दंड, किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. आपल्या ६० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा ३ लाख, म्हणजे ३० दिवसांत गाठली जाते. प्रकल्पाला नोंदणीची गरज नाही असं बिल्डर म्हणाला तर सूट देणारे हे दोन आकडे बघा: जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत, किंवा सगळे टप्पे मिळून ८ पर्यंत सदनिका.

सराव कसा करायचा

बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याआधी स्वतःचे प्रश्न तयार करा, ओळखीच्या व्यवहारांवरून. प्रत्येक प्रश्नाखाली तारखांची रेघ काढा आणि कोणत्या तारखेला नियम मोडला तिथे फुली मारा. माझ्याकडे तयारीला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हा देतो:

फ्लॅटची किंमत ६० लाख. ताईंनी १ तारखेला बुकिंगचे ५ लाख दिले. बिल्डरने पावती आणि वाटपपत्र दिलं. १५ तारखेला एजंट आणखी ३ लाखांचा चेक घेऊन गेला. २८ तारखेला करारनामा नोंदला गेला. कोणी, कधी, काय मोडलं?

पहिल्यांदा बहुतेक जण उत्तर देतात की काहीच नाही, महिन्याच्या आत करार नोंदला ना. रेघ काढली की दिसतं: १ तारखेचे ५ लाख मर्यादेत आहेत. १५ तारखेला एकूण ८ लाख झाले, नोंदणीकृत करार नव्हता आणि मर्यादा ६ ची. कलम १३ त्या दिवशी मोडलं, प्रवर्तकाने. २८ तारखेच्या रजिस्ट्रीने ते भरून निघत नाही. आणि तो चेक नेऊन देणाऱ्या एजंटने ताईंना त्या दिवशी सांगायला हवं होतं की तुम्हाला अजून फक्त १ लाखच द्यायचा आहे, बाकीचे २ लाख रजिस्ट्रीच्या दिवसापर्यंत खात्यातच राहू द्या.